मऊ मसाला कुकीज आणि मेपलचं ग्लेझ : वरूडकडच्या एका स्वयंपाकघरातल्या नोंदी

१४ नोव्हेंबर

काय करायचं आहे ते आधी लिहून ठेवते. कुकी मऊ हवी. नानकटाईसारखी खुसखुशीत नको, केकसारखी भुसभुशीतही नको. दाबली की दबावी, आणि मोडताना मधला भाग जरा ओढला जाऊन तुटावा. मसाला सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ. वर मेपल सिरपचं पातळ ग्लेझ, म्हणजे साखरेचा लेप, वाळल्यावर बोटाला न लागणारा. घरात अंडं चालत नाही, म्हणून अंड्याशिवाय.

मेपलची बाटली भाच्याने दिवाळीला कॅनडातल्या ओंटारिओहून आणली, २५० मिलिची. एकदा उघडली की फ्रिजमध्येच ठेव, बाहेर राहिली तर वर बुरशी धरते, असं त्याने जाताना दोनदा सांगितलं. कुकीज नीट होईपर्यंत बाटली उघडणार नाही. ग्लेझशिवायचे घाणे आधी.

ओव्हन १९ लिटरचा साधा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर), १२०० वॅटचा. वजनकाटा आहे.

१६ नोव्हेंबर

पहिला घाणा तुपातला. घरचं तूप होतं, बटर आणायला वरूडला जावं लागतं. कुकीज चवीला चांगल्या झाल्या, पण ती नानकटाईच. तुपात पाणी नसतं, निव्वळ स्निग्धांश. मैद्याला ओलावा मिळत नाही आणि बिस्किट खुसखुशीत होतं. बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, मऊ कुकीला तेच लागतं.

दुसऱ्या दिवशी घरच्या लोण्यातला घाणा केला. लोण्यात ताक किती राहिलंय ते प्रत्येक वेळी वेगळं. हा घाणा ट्रेभर पसरून एकमेकांत मिसळला. लोणी तीन-चार पाण्यांनी धुऊन, फडक्यात दाबून घेतलं तर जमेल असं वाटतं, पण मोजमाप सारखं येत नाही तोवर दुसऱ्याला सांगता येणार नाही. यापुढे विकतचं बटर.

१९ नोव्हेंबर

अंड्याच्या जागी जवस. आपल्याकडे चटणीला घरोघरी असतंच. १ टेबलस्पून जवसाची पूड ३ टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते आणि पीठ बांधून धरते. जवस कच्चंच दळायचं. भाजलेलं घालून पाहिलं, कुकीला चटणीचा वास आला आणि मसाला मागे पडला.

२२ नोव्हेंबर

ब्राउन शुगरऐवजी काळा गूळ आणि थोडी काकवी. गूळ ओलावा धरून ठेवतो, म्हणून मऊपणाला साखरेपेक्षा बरा. किसून घातला तर बारीक खडे राहतात आणि भाजताना वितळून काळे डाग पडतात. त्यामुळे गूळ बटरमध्ये घालण्याआधी चाळणीतून चाळून घेते, उरलेले खडे खलबत्त्यात.

कुकीज फुगल्या नाहीत. सोडा तर घातला होता. थोडा विचार केल्यावर कारण सापडलं. सोड्याला आंबट काहीतरी लागतं. परदेशी कृतींमध्ये ते काम मोलॅसिस, म्हणजे साखर करताना उरणारी मळी, करते. आपल्याकडे गूळ करताना काहिलीत चुन्याची निवळी टाकतात, त्याने रसाचा आंबटपणा मारला जातो. मग सोडा नुसता पडून राहतो, रंग काळपट येतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. यावर सोडा वाढवणं हा उपाय नाही. जवस पाण्याऐवजी आंबट ताकात भिजवलं, आणि लगेच फरक दिसला. वर भेगा पडल्या, तळाशी जाळी आली. मला या सगळ्या कामात सर्वात आवडलेली सुधारणा हीच, कारण एक पैसा जास्त लागला नाही.

२४ नोव्हेंबर

सुंठ विकतची पूड जुनी निघाली, वास नाही. अख्खी सुंठ आणून कुटली. दोरे राहतात, चाळून घ्यावीच लागते. दालचिनी किराण्यातली जाड सालीचीच चांगली, तिचा झणका भाजल्यावरही टिकतो.

३० नोव्हेंबर

गेला आठवडाभर एकच कृती, तेच वजन, आणि प्रत्येक घाणा वेगळा. सकाळचा बरा, संध्याकाळचा पांढराफटक आणि पसरलेला. वेळ वाढवली तर रंग येईपर्यंत कुकी पूर्ण वाळून कडक. बटरची पाकिटं यात गेली, वाईट वाटतं.

आज संध्याकाळी फ्रिजच्या स्टॅबिलायझरकडे लक्ष गेलं. व्होल्टेजचा आकडा १७८. सकाळी तोच २२५ असतो. आता रब्बीचे दिवस. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी चालू आहे, संत्र्याच्या बागाही आहेत, आणि शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. ओव्हनच्या कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे १७८ झाले म्हणजे ताकद पाऊण नाही राहत, साठ टक्के राहते. १२०० वॅटचा ओव्हन ७२० वॅटचा झाला. वरचं बटण १८० वर फिरवलं तरी आतली हवा तिथवर चढत नाही, आणि दार उघडून ट्रे ठेवला की जी काही गरमी होती तीही जाते. थंड ओव्हनमध्ये बटर आधी वितळतं, पीठ नंतर धरतं. म्हणून पसरतं.

मऊ कुकीला हाच सगळ्यात मोठा अडथळा आहे. कडक बिस्किट कमी आचेवर जास्त वेळ ठेवून निभावतं. मऊ कुकीला मात्र आच पूर्ण हवी आणि वेळ कमी, म्हणजे कडा धरतात आणि मध्ये ओल राहते.

४ डिसेंबर

ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर मागवला, ३५० रुपये. हे पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं. बटण १८० वर असताना आत १५५ दाखवलं.

मग दोन बदल केले. एक, मोटरींची पाळी दिवसा असेल त्या आठवड्यात रात्री नऊनंतर भाजायचं, पाळी रात्री असेल तेव्हा दुपारी. आमच्या यजमानांना पाळी तोंडपाठ असते, त्यांना विचारून दिवस ठरवते. दोन, जुना जाड लोखंडी तवा खालच्या जाळीवर ठेवून ओव्हन अर्धा तास तापवायचा. दार उघडलं तरी तव्यातली गरमी राहते, आणि खालच्या कॉइलची थेट झळ तळाला लागत नाही. आता दार उघडून बंद केल्यावर काटा १७५ वरून १६० पर्यंत उतरतो आणि दोन-तीन मिनिटांत परत येतो. आधी तो १२० च्या खाली जायचा.

गोळे ३५ ग्रॅमचे, तासभर फ्रिजमध्ये ठेवून गार केलेले. १७५ वर ११ मिनिटं. बाहेर काढताना कडा धरलेल्या, मधला भाग ओला चकचकीत आणि कच्चा दिसतो. भीती वाटते, पण तशाच काढायच्या. गरम ट्रेवर पाच मिनिटं राहू द्यायच्या, तेवढ्यात त्या शिजून बसतात. १३ मिनिटं ठेवलेल्या दुसऱ्या दिवशी कडक झाल्या. दोन मिनिटांत एवढा फरक.

७ डिसेंबर

आज बाटली उघडली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजूला लसूण सोलत बसल्या होत्या. झाकण निघाल्याबरोबर त्यांनी मान वर केली. "हे त मेथीच्या लाडवावानी वास येऊन रायला वं." मी म्हटलं, आई, हा कॅनडातल्या झाडाचा रस आहे. त्यांनी बाटली हातात घेतली, नीट वास घेतला. "असन बाप्पा झाडाचा. पन वास मेथीचाच हाय. मी किती बाळंतिनीचे लाडू वयले, मले नाई समजनार का?"

लेक सुट्टीत घरी आहे, तिने शोधून काढलं. आईंचं नाक बरोबर निघालं. मेपल सिरपला आणि मेथीला तो गोड वास देणारा एक घटक सारखाच आहे, सोटोलॉन नावाचा. नकली मेपल फ्लेवर करायला मेथीचा अर्क वापरतातच. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून अधूनमधून हवेत मेपलचा वास यायचा आणि लोक घाबरायचे. २००९ मध्ये कळलं की शेजारच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात मेथीच्या बियांवर प्रक्रिया होत होती, वास तिथला. आईंना हे वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मेथीचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

भाच्याला फोन केला होता. त्याच्याकडे मार्चमध्ये रात्री शून्याखाली आणि दिवसा थोडं वर असं तापमान झालं की झाडातून रस सुटतो. खोडाला भोक पाडून नळी लावतात. रस पाण्यासारखा पातळ, साखर दोन टक्क्यांच्या आसपास. ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप. आपल्या उसाच्या रसात याच्या सात-आठपट साखर असते. बाटलीची किंमत का एवढी असते ते मला तेव्हा कळलं. ती जपूनच वापरायची.

१० डिसेंबर

ग्लेझ. १२० ग्रॅम पिठीसाखर, ३ टेबलस्पून मेपल, १० ग्रॅम वितळलेलं बटर, चिमूट मीठ.

घरी मिक्सरवर केलेली पिठीसाखर दाताखाली करकरते. चहाच्या चाळणीने काम होत नाही. जुन्या मलमलच्या ओढणीतून चाळली, १ टीस्पून कॉर्नफ्लोअर मिसळलं, तेव्हा गुळगुळीत झालं.

कोमट कुकीवर ग्लेझ ओतलं तर आत जिरतं आणि कुकी ओलसर, चिकट होते. पूर्ण गार झाल्यावरच. चमच्याने मध्ये सोडायचं आणि चमच्याच्याच पाठीने कडेपर्यंत सरकवायचं. ग्लेझची धार चमच्यातून पडली की वाटीत तिची रेघ दहाएक आकडे मोजेपर्यंत दिसावी. लगेच बुडली तर साखर वाढवा. अजिबात बुडत नसेल तर अर्धा चमचा दूध.

सध्याच्या कोरड्या हवेत दोन तासांत वर पापुद्रा धरतो, मॅट होतो, बोट लावलं तर डाग पडत नाही. पावसाळ्यात हे असं होणार नाही, याची मला खात्री आहे.

१६ डिसेंबर

बाटली संपत आली. मोठ्या शहरातल्या एका दुकानातून दुसरी मागवली. ३२० रुपये, स्वस्त वाटली. लेबलवर लाल पान. मागे बारीक अक्षरात घटक वाचले तर ग्लुकोज, साखर, रंग, मेपल फ्लेवर. पॅनकेकवर ओतायचं साधं सिरप ते. ग्लेझ करून पाहिलं. नुसतं गोड, आणि ग्लुकोजमुळे रात्रभर वाळलंच नाही. घेणाऱ्यांनी पुढचं चित्र पाहू नये, घटकांत मेपल सिरप एवढंच एक नाव असेल तीच बाटली घ्यावी. गडद रंगाचं मिळालं तर गडदच घ्या. त्याला वास जास्त, कमी लागतं.

खरं सिरप शेवटी २५० मिलिला ९०० रुपयांना मिळालं.

२० ते २४ डिसेंबर

मेथीचं सिरप. हे काम मी मनापासून केलं.

पहिल्या दिवशी मेथी चांगली लाल भाजून, कुटून पाकात टाकली. कडू. टाकून दिला. कुटलेली मेथी पाकात चिकटपणाही सोडते, गाळताना फडकं बुजतं. मग अख्खी मेथी घेतली. भाजताना दाण्याचा रंग बदलायच्या आधी, वास मोकळा झाला की लगेच उतरवायची. तव्यावर अर्धा मिनिट इकडेतिकडे झालं तरी कडवटपणा येतो, म्हणून बाजूला थाळी तयार ठेवते.

नुसत्या काकवीत मेथी भिजवली तर काकवीचा स्वतःचा वास वर राहतो. १०० ग्रॅम साखर, १ टेबलस्पून काकवी, ६० मिलि पाणी, हे प्रमाण ठरलं. साखर विरघळून दोन उकळ्या आल्या, बोटात तार यायच्या आधीच पाक उतरवला. त्यात १ टीस्पून भाजलेली अख्खी मेथी, वर झाकण, २० मिनिटं. गाळलं. रात्रभर ठेवलेला पाक कडू झाला, तेव्हा वेळ पाळायचीच.

खऱ्या सिरपसारखं हे होतं का? नाही. मेपलमध्ये लाकडाचा, किंचित धुराचा वास आहे, तो मेथीतून येत नाही. पण १ टेबलस्पून खरं सिरप आणि २ टेबलस्पून मेथीचं, असं ग्लेझ केलं आणि ते पूर्ण मेपलच्या ग्लेझशेजारी ठेवलं, तेव्हा जाऊबाईंना, लेकीला आणि शेजारच्या काकूंना ओळखता आलं नाही. आईंना आलं. त्यांना दोन्ही आवडले, मेथीवाला जरा जास्त.

२८ डिसेंबर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोठा घाणा लागणार, म्हणून गावातल्या पावाच्या भट्टीवर पीठ नेलं. आपण उन्हाळ्यात नानकटाई भाजायला नेतो तसंच. भट्टीवाल्या चाचांनी एक गोळा दाबून पाहिला. "ताई, पीठ ओलं आहे, पसरेल." मी म्हटलं, पसरू द्या थोडं. पहिला पत्रा त्यांनी त्यांच्या सवयीने सोनेरी होईपर्यंत ठेवला, सगळ्या कडक. दुसऱ्या पत्र्याला मी दाराशी उभी राहिले आणि कडा धरल्याबरोबर काढायला लावला. ते काढेनात. "कच्चं आहे हे, लोकं मला बोलतील." माझ्या जबाबदारीवर काढा म्हटलं. पाच मिनिटांनी एक मोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पूर्ण खाल्ली आणि तिसरा पत्रा न सांगता वेळेवर काढला.

भट्टीची आच वीटकामातून सगळीकडून सारखी येते, ओटीजीपेक्षा भेगा सुरेख पडल्या. पाव निघाल्यावर लगेच नाही, तासाभराने न्यावं. आधी आच फार असते. एका किलो मैद्याच्या पिठाला भाजणावळ ८० रुपये घेतली.

२ जानेवारी

दिवसभर लाइट नाही. गॅसवर जाड जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजात, म्हणजे पातेल्यात, मीठ पसरून, वर स्टँड, वर थाळी, झाकण. तळ करपला, वरचा भाग पांढरा आणि झाकणाची वाफ पडून ओला. थाळीखाली दुसरी उलटी थाळी ठेवली, झाकणाला आतून फडकं बांधलं, गंज मंद आचेवर पंधरा मिनिटं तापवला. मग बऱ्या झाल्या. भेगा पडत नाहीत, रंग फिका राहतो, पण मऊ असतात. ग्लेझखाली रंग दिसत नाही, तेव्हा चालतं. एका वेळी पाचच मावतात. ओव्हन नसलेल्यांनी या पद्धतीने जरूर करून पाहावं.

८ जानेवारी

मऊ केलेली कुकी मऊ ठेवणं हे वेगळं काम. पहाटे थंडी, दुपारी कोरडी हवा, तोंडाला भेगा पडतात तशी कुकीही वाळते. उघड्या ताटात रात्रभर राहिलेल्या सकाळी कडक. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बटर पेपर, आणि वरच्या थरावर वाटीत अर्धी ताजी पोळी. पोळीचा ओलावा कुकी ओढून घेते. पोळी वाळली की बदलायची, दुसऱ्या दिवशी नक्की, नाहीतर बुरस येतो. अशा कुकीज पाचव्या दिवशीही दबतात. ग्लेझ लावलेल्यांना पोळी लावू नये, पापुद्रा पाघळतो. म्हणून साठवायच्या त्या बिनग्लेझच्या, ग्लेझ द्यायच्या दिवशी.

१२ जानेवारी

ठरलेलं प्रमाण, १६ कुकीजचं :

मैदा २२५ ग्रॅम, बटर ११५ ग्रॅम, काळा गूळ १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, काकवी २ टेबलस्पून. जवसाची पूड १ टेबलस्पून, आंबट ताक ३ टेबलस्पून. सोडा पाऊण टीस्पून. सुंठ २ टीस्पून, दालचिनी दीड, लवंग आणि जायफळ पाव-पाव, दोन-चार मिऱ्यांची पूड. बटर खारं असेल तर मीठ नको.

बटर बोट सहज रुतेल इतकंच मऊ. या थंडीत ते दगडासारखं असतं, वाटीत घालून अंगणात उन्हाच्या कडेला ठेवते. वितळलं तर पुन्हा गार करून घ्यायचं, तसंच वापरलं की कुकी पसरते. मैदा शेवटी, पांढरं दिसेनासं होईपर्यंतच कालवायचा. मळायचा नाही.

खर्च : बटर ७०, मैदा, गूळ, साखर, काकवी मिळून २५, मसाला १५ ते २०, वीज ९-१०. साधारण १२५ रुपये. पूर्ण मेपलच्या ग्लेझला सिरपचेच १६० रुपये जातात, म्हणजे कुकी १८ रुपयांना पडते. मिश्र ग्लेझने साडेअकरा-बाराला. हळदीकुंकवाला मिश्रच करणार.

१९ जानेवारी

हळदीकुंकू पार पडलं. तिळगुळासोबत एकेक दिली. डबा रिकामा झाला आणि तीन जणींनी कृती लिहून नेली. एकीच्या घरी ओव्हन नाही, तिला गंजाची पद्धत समजावली.

लेकीला नागपूरला होस्टेलवर एस.टी.ने डबा पाठवला होता. ग्लेझ लावून तीन तासांतच भरला. वरून वाळलेलं दिसत होतं, आत ओलं होतं, वरूड ते नागपूर धक्क्यांत थर एकमेकांना चिकटले. तिने फोटो पाठवला, ग्लेझ सगळं बटर पेपरला. आता पाठवायच्या असतील तर ग्लेझ रात्री लावून सकाळी भरायच्या, प्रत्येक थरात बटर पेपर, आणि डब्यात हालायला जागा राहू नये म्हणून वर कागदाचा बोळा. पुढचा डबा रविवारी जाईल. मोटरींची पाळी या आठवड्यात दिवसाची आहे, म्हणून शुक्रवारी रात्री भाजणार आणि शनिवारी रात्री ग्लेझ.